आधी धूळ, मग पाणी, शेवटी ताकद

ऑफ-रोडिंगसाठी गाडी तयार करायला घेतली की टायर, विंच आणि बंपर यांच्या जोडीने एअर इनटेक बदलण्याचा विषय हमखास निघतो. बाजारात बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर मिळतो, धुऊन पुन्हा वापरता येणारा तेलकट कापडी फिल्टर मिळतो, पुढच्या काचेच्या कडेने छपरापर्यंत जाणारे स्नॉर्केल मिळते. यांची जाहिरात बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर होते: इंजिन मोकळा श्वास घेईल आणि पिकअप वाढेल. माझे म्हणणे याच्या उलट आहे. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा इनटेक ताकदीच्या हिशेबाने निवडला, तर निवड जवळजवळ नेहमी चुकते. इनटेक किती धूळ अडवतो हा पहिला निकष, पाणी किती दूर ठेवतो हा दुसरा. ताकदीचा क्रमांक त्यानंतर लागतो, आणि कंपनीतून आले तसेच इंजिन असलेल्या गाडीत तो निकष जवळपास उरतच नाही. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. साध्या गणिताने तो ताडून पाहता येतो.

आधी इंजिनाची भूक पाहू. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारमध्ये २.२ लिटरचे डिझेल इंजिन मिळते. फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा ओढते. मिनिटाला २,५०० फेरे चालू असतील तर ही हवा सुमारे २,७५० लिटर होते. तासाला १ लाख ६५ हजार लिटर, म्हणजे १६५ घनमीटर. टर्बो दाबून भरतो ती जादा हवा यात धरलेलीच नाही. आता हीच गाडी ताफ्यात मागे आहे आणि पुढच्या गाड्यांचा फुफाटा अंगावर येतो आहे असे समजा. समोरचे काहीच दिसू नये इतक्या दाट धुरळ्यासाठी फिल्टर उद्योगात घनफुटाला ०.०२५ ग्रॅम धूळ हे प्रमाण धरतात. घनमीटरला ते जवळपास ०.९ ग्रॅम पडते. या हिशेबाने तासाभरात सुमारे दीडशे ग्रॅम धूळ फिल्टरच्या तोंडाशी येते. फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवत असेल तर पाऊण ग्रॅम आत जाते, ९७ टक्के अडवत असेल तर साडेचार ग्रॅम. कागदावर हा फरक अडीच टक्क्यांचा दिसतो, पण इंजिनाच्या वाट्याला येणारी धूळ सहापट झालेली असते. म्हणून दोन फिल्टरांची तुलना करताना त्यांनी किती धूळ अडवली यापेक्षा किती सोडली हे पाहावे. इंजिन झिजते ते सुटलेल्या धुळीने.

ही धूळ आत जाऊन काय करते, हेही नीट समजून घ्यायला हवे. वाळूतला क्वार्ट्झ मोह मापावर ७ इतका कठीण असतो आणि सिलिंडरच्या भिंतीचे बीड त्याहून मऊ. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो त्याची जाडी काही मायक्रॉनच भरते. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून कल्पना यावी. मोठे खडे फिल्टरच काय, साधी जाळीही अडवते. खरा घात करतात ते ५ ते २० मायक्रॉनचे, सुटे असताना डोळ्यांना न दिसणारे कण. ते तेलाच्या थरात शिरतात आणि दोन्ही बाजूंचा धातू घासत राहतात. मग रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन उतरते, गाडी ऑइल खाऊ लागते, निळसर धूर दिसतो आणि एक दिवस इंजिन खोलण्याची वेळ येते. टर्बोचे ॲल्युमिनियमचे चाक तर मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरत असते. त्याच्या पात्यांच्या कडा या कणांच्या माऱ्याने खरवडल्या जातात. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, त्यात क्वार्ट्झ फारसा नसतो, तेव्हा आपली धूळ राजस्थान किंवा लडाखच्या वाळूइतकी वाईट नाही, असे कोणी म्हणेल. थोडा फरक आहे, पण दिलासा मानावा इतका नाही. बेसाल्टमधला फेल्डस्पार मोह मापावर ६ च्या घरात आहे, आणि कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीतली लोहखनिजेही बिडाला ओरखडे काढण्याइतकी कठीण असतात.

आता फिल्टरांकडे वळू. बहुतेक गाड्यांत कंपनी घड्या घातलेला कागदी फिल्टर देते. त्याचा एक गुण सहसा लक्षात येत नाही: वापरात त्याच्या पृष्ठभागावर धुळीचा पातळ थर बसतो आणि तो थर स्वतःच गाळण्याचे काम करू लागतो. त्यामुळे थोडा वापरलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा जास्त बारीक कण अडवतो. आयएसओ ५०११ या प्रमाणित चाचणीत ठरावीक प्रतीची धूळ ठरावीक प्रवाहात सोडून फिल्टरची क्षमता मोजतात; चांगला कागदी फिल्टर तिथे ९९ टक्क्यांच्या वरच असतो. तेलकट कापडी फिल्टरात तारेच्या जाळ्यांमध्ये सुती कापडाचे थर असतात आणि त्यांना चिकट तेल लावलेले असते. त्याची छिद्रे मोठी असतात, म्हणून हवा सहज जाते. त्याचे जाहीर होणारे आकडे मात्र ९६ ते ९९ टक्क्यांच्या पट्ट्यात असतात. डांबरी रस्त्यावर हा फरक चालून जातो, फुफाट्यात नाही. फोमचा तेलकट फिल्टर जाडीमुळे भरपूर धूळ पोटात घेतो आणि मातीच्या शर्यतीतल्या मोटरसायकलींना तो मानवतो, पण तो वारंवार धुऊन, तेल लावून, अंगभर सारखे मुरवून बसवावा लागतो. तेलकट फिल्टरांत आणखी एक धोका असतो. धुतल्यानंतर तेल जास्त झाले तर ते हवेबरोबर पुढे जाऊन एअर मास सेन्सरच्या नाजूक भागावर बसते, सेन्सर चुकीचे माप देतो आणि त्या मापावर अवलंबून असलेला इंजिनाचा कारभार बिघडतो.

इथे ताकदीचा आक्षेप येतोच. हवा सहज जात असेल तर इंजिन जास्त जोर देणार नाही का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दाबाच्या हिशेबात आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. स्वच्छ कागदी फिल्टरातून जाताना त्यातला साधारण १ ते २.५ किलोपास्कल खर्च होतो, म्हणजे एक ते अडीच टक्के. उद्या फिल्टर काढूनच टाकला तरी यापेक्षा जास्त काही मिळणार नाही. तुलनेसाठी पाहा: कोकण किनाऱ्यावरून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत हवेचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास घटलेला असतो, आणि तरीही टर्बो असलेली गाडी घाट नीट चढते. याचे कारण असे की आजच्या टर्बो इंजिनात ईसीयू इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून टर्बोला कामाला लावतो. वाटेत थोडा अडथळा असला तर टर्बो तेवढा जास्त फिरतो. अडथळा काढला तर ईसीयू त्याला तेवढाच आवरतो. डिझेल इंजिनाची ताकद किती इंधन फवारले यावर ठरते, आणि ते प्रमाण फिल्टर बदलल्याने बदलत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. आधुनिक फ्युएल-इंजेक्शन गाड्यांच्या मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो जोराने वेग घेताना. चोंदलेल्या फिल्टरानेही मायलेज हलत नसेल, तर स्वच्छ फिल्टर काढून त्याहून मोकळा बसवल्याने ते वाढेल कसे? पिकअपसाठी चोंदलेला फिल्टर वेळेवर बदलणे पुरेसे आहे.

उघड्या शंकूचा हिशेब तर याहून वाईट आहे. मूळ एअरबॉक्स काढून तो बॉनेटखाली बसवला की इंजिन रेडिएटर आणि टर्बो यांच्या आजूबाजूची तापलेली हवा ओढू लागते. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश तापमान धरले, तर आतल्या हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. जास्तीत जास्त अडीच टक्के मिळवण्यासाठी नऊ टक्के गमावणे हा कुठल्याही अर्थाने सुधार नाही. इंटरकूलर यातला काही भाग भरून काढतो, पण ती गरज आपणच निर्माण केलेली असते. चाकाने उडवलेला चिखल आणि पाणीही या शंकूवर थेट येऊन पडते. फिल्टर बसवल्यावर जो भरदार आवाज ऐकू येतो, त्याने गाडी जास्त तडफदार झाल्याचा भास होतो. मूळ एअरबॉक्स तोच आवाज दाबत असतो. आवाज मोकळा झाला म्हणून ताकद वाढत नाही. नव्या नळीचा व्यास मूळ नळीपेक्षा वेगळा असेल तर सेन्सरसमोरचा हवेचा वेग बदलतो आणि त्याचे मापही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांत प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा या मापावर विसंबून असते, त्यामुळे तिथे ही चूक जास्त महागात पडते.

स्पर्धेतल्या गाड्यांचा दाखला या ठिकाणी हटकून दिला जातो. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत किंवा वाळवंटी रॅलींत उतरणारे लोक इनटेक बदलतात, मग आपण का बदलू नये? स्पर्धेचे इंजिन ठरावीक अंतराने खोलून तपासले जाते, त्याच्यामागे मेकॅनिकांचा चमू असतो आणि फिल्टर टप्प्याटप्प्याला बदलला जातो. आठवडाभर ऑफिसला नेणारी आणि सुट्टीत घाटवाटांवर जाणारी गाडी त्याच इंजिनावर लाखभर किलोमीटर चालायची असते. शिवाय स्पर्धेच्या गाडीत बहुधा टर्बो, इंधनपुरवठा आणि ईसीयूचे प्रोग्रॅमिंग असे सगळेच बदललेले असते. तसे सगळे बदलले असेल तर मोठा इनटेक लागतो, हे मान्य. पण तेव्हाही बंद पेटीतला, बाहेरची थंड हवा घेणारा आणि मोठ्या पृष्ठभागाचा फिल्टर घ्यावा. दुसरा आक्षेप पैशांचा: धुऊन वापरता येणारा फिल्टर वर्षानुवर्षे चालतो, कागदी टाकून द्यावा लागतो. हे खरे आहे, पण एका इंजिनकामाच्या खर्चात कागदी फिल्टरांची रास येते.

इंजिनाच्या आयुष्यासाठी थोडी ताकद सोडून द्यावी, हा धडा अभियंते फार पूर्वी शिकले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेच्या आणि भूमध्य समुद्राच्या आघाडीवर गेली, तेव्हा त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा अवजड धूळ-फिल्टर बसवावा लागला. त्याने विमानाचा वेग घटला, आणि लढाऊ विमानाला वेग म्हणजे जीव. तरीही फिल्टर काढला नाही, कारण वाळूत त्याच्यावाचून इंजिने टिकली नसती. पुढे इजिप्तमधल्या अबुकीर इथल्या कार्यशाळेत अधिक आटोपशीर फिल्टर तयार झाला आणि वेगाचे नुकसान कमी झाले. त्याच युद्धातल्या विलीज जीपला ऑइल बाथ एअर क्लीनर होता. हवा तेलाच्या भांड्यावरून वळवायची आणि धूळ तेलात पाडायची. स्वातंत्र्यानंतर महिंद्राच्या जीपगाड्यांमधून आणि ट्रॅक्टरांमधून ही पद्धत महाराष्ट्रात गावोगाव पोहोचली. तिची मर्यादा अशी की हवेचा वेग कमी असताना ती नीट गाळत नाही आणि गाडी फार कलली तर तेल जागेवर राहत नाही. म्हणून कागदी फिल्टरने तिची जागा घेतली. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दिसणारे, हवेला भोवऱ्यासारखे फिरवून जड धूळ बाहेर फेकणारे प्री-क्लीनर मात्र आजही उपयोगाचे आहे. ते स्नॉर्केलच्या तोंडाशी बसवता येते आणि फिल्टर चोंदण्याआधीच बरीच धूळ कमी करते. धुळीच्या प्रदेशात लांबचा प्रवास असेल, तर पैसे खर्च करण्याची ही सर्वांत सयुक्तिक जागा आहे.

पाण्याचा प्रश्न धुळीपेक्षा वेगळा आहे. धूळ हळूहळू झिजवते, पाणी एका क्षणात मोडते. २.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरची क्षमता ५५० घनसेंटिमीटर असते. कॉम्प्रेशन रेशो १६ धरला तर पिस्टन अगदी वर आल्यावर फक्त ३७ घनसेंटिमीटर जागा शिल्लक राहते. म्हणजे अडीच मोठे चमचे पाणी आत गेले तरी ती जागा भरते. पाणी दाबले जात नाही, वेगात आलेला पिस्टन थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणूनच पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा स्टार्ट करून पाहू नये. गाडी ओढून बाहेर काढावी आणि इंजिनात पाणी गेले नाही याची मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी. स्नॉर्केल हवेचे तोंड उंचावर नेऊन हा धोका टाळते. पण त्याने गाडी पाणबुडी होत नाही. थारची पाण्यातून जाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे; पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्केल मिळते, तरी तिची मर्यादा ७०० मिलिमीटरच आहे. हवेचे तोंड छपराजवळ असूनही कंपनी त्यापुढे जात नाही, कारण अल्टरनेटर, वायरिंग, ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर यांनाही पाणी बाधते, आणि एका पातळीनंतर गाडी तरंगू लागून चाकांची पकड सुटते. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावर तर स्नॉर्केलचा काहीही उपयोग नाही. तिथे गाडी प्रवाहाच्या रेट्याने वाहून जाते. स्नॉर्केल आहे म्हणून कोणी तसे धाडस करू नये.

मग स्नॉर्केल घ्यावे का? माझ्या मते त्याचा रोजच्या वापरातला मोठा फायदा धुळीत आहे. मूळ इनटेकचे तोंड बहुधा ग्रिलच्या किंवा पुढच्या चाकाच्या आसपास असते, आणि धुरळा जमिनीलगत सर्वांत दाट असतो. छपराच्या उंचीवरची हवा बरीच विरळ धुळीची आणि बॉनेटखालच्यापेक्षा थंड असते. तोंड पुढे असल्याने वाऱ्याच्या दाबाने हवा कोंबली जाते हा दावा मात्र सोडून द्यावा. ताशी ६० किलोमीटर वेगाला हा दाब ०.१७ किलोपास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाव टक्क्याहूनही कमी. स्नॉर्केल निवडताना त्याचा आकार आपल्या मॉडेलसाठीच बनवलेला आहे ना, आतला मार्ग मूळ नळीपेक्षा अरुंद नाही ना, आणि डोक्यात पावसाचे पाणी वेगळे होऊन बाहेर पडायची सोय आहे ना, हे पाहावे. बसवताना खरी कसोटी जोडांची असते. मूळ एअरबॉक्सच्या तळाशी पाणी निथळायला छोटे छिद्र किंवा रबरी झडप असते. ती तशीच राहिली तर छपरापर्यंत नेलेल्या नळीचा काही उपयोग नाही, पाणी खालून शिरते. पत्र्याला पाडलेल्या भोकांच्या कडांना रंग लावला नाही तर कोकणच्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. काम झाल्यावर एक परीक्षा घ्यावी: इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्केलचे तोंड जाड रबराच्या तुकड्याने क्षणभर पूर्ण झाकावे. जोड पक्के असतील तर इंजिन गुदमरून बंद पडते. चालूच राहिले तर हवा दुसरीकडून येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून धूळ आणि पाणीही येणारच.

कायद्याची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ पेटीत बसणारा त्याच मापाचा फिल्टर ही देखभाल झाली. पत्रा कापून बसवलेले स्नॉर्केल किंवा पेटी काढून लावलेला शंकू यांचे तसे नाही. म्हणून कंपनीने मान्य केलेला किट मिळत असेल तर तोच घ्यावा, नाहीतर आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. पाण्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे कवच घ्यावे लागते.

काहीही विकत घेण्याआधी एकदा मूळ एअरबॉक्स उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून पांढरे फडके फिरवा. फडक्यावर माती आली तर दोष बहुधा कागदात नसून त्याच्या रबरी कडेत, ढिल्या क्लिपमध्ये किंवा चिरलेल्या होजमध्ये असतो. कॉम्प्रेसरने जोराची हवा मारून कागदी फिल्टर साफ करण्याची गॅरेजमधली सवय थांबवा. त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. ट्रॅक्टर आणि ट्रकला असतो तसा, फिल्टर चोंदल्यावर लाल खूण दाखवणारा साधा इंडिकेटर बसवून घ्या आणि त्याच्या सांगण्यावरून फिल्टर बदला. कधीमधी घाटवाटा करणाऱ्याला चांगला कागदी फिल्टर आणि घट्ट जोड पुरेसे आहेत. ताफ्यात, वाळवंटात किंवा लडाखच्या धुळीत वारंवार जाणाऱ्याने नीट बसवलेले स्नॉर्केल आणि प्री-क्लीनर घ्यावे. उघडा शंकू मात्र कच्च्या रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीला लावू नये.